दुर्बिणीचा स्टेपलर: हाताचा घ्यावा की बॅटरीचा?

सांगली-मिरजेतल्या पंचवीस-तीस खाटांच्या रुग्णालयात अपेंडिक्स आणि अधूनमधून आतड्याचा तुकडा काढणं, एवढ्यासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ऊतक पिनांनी शिवून कापणारा स्टेपलर घ्यायचा असेल तर हँडलआधी कार्ट्रिजचे (पिनांच्या डबीचे) रंग ठरवा. शिवण सुटण्याचं मूळ बरेचदा तिथेच सापडतं.

पांढऱ्या कार्ट्रिजची पिन उघडी 2.5 मिमी उंच, मिटल्यावर 1. निळी 3.5, मिटून 1.5. हिरवी कंपनीप्रमाणे 4.1 किंवा 4.8, मिटून 2. अपेंडिक्सच्या मेसोला (रक्तवाहिन्या असलेल्या पडद्याला) पांढरी, बुंध्याला निळी. पण बुंधा सुजून जाड झाला असेल आणि तरी निळीच मारली, तर पिनेचे पाय नीट वळत नाहीत, शिवण उघडी राहते. पातळ जागी हिरवी मारली की पिना सैल बसतात, रक्त झिरपतं. रंगांचा हिशेब कंपनीगणिक बदलतो, म्हणून तक्ता ओटीच्या भिंतीवरच लावा.

आता हँडल. हाताच्या स्टेपलरला 60 मिमीच्या एका फायरसाठी (पिना मारून पात्याने मधोमध कापण्यासाठी) खटका तीन-चार वेळा दाबावा लागतो. प्रत्येक दाबासरशी आत टोक हलतं आणि नाजूक ऊतक ओढलं जातं. हात लहान असेल तर हे आणखी जड जातं. बॅटरीच्या यंत्रात बटण दाबलं की पातं एकसारखं पुढे सरकतं, टोक स्थिर राहतं. खोल ओटीपोटात, गुदाशयावर काम करताना हा फरक खरोखर मोठा आहे. अपेंडिक्सला तितका नाही. बॅटरी मध्येच बंद पडली तर झाकण उघडून पातं हाताने मागे घेता येतं. ती सोय कुठे आहे, हे सिस्टरांनाही आधीच दाखवून ठेवा.

विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: पातं कार्ट्रिजमध्ये येतं की हँडलच्या दांड्यात? दांड्यात असेल तर प्रत्येक फायरगणिक ते बोथट होत जातं. एकदाच वापरायचं हँडल ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक) करून पुन्हा घेतलं, तर धोका इथे वाढतो.

आमचा कौल: अपेंडिक्सच जास्त असतील तर हाताचा घ्या, आणि वाचलेल्या पैशांत तिन्ही रंगांची दोन-दोन कार्ट्रिज जादा ठेवा. रविवारी रात्री हिरवी संपली तर कोल्हापूरहून यायलाही तास-दीड तास जातो. पोर्ट (पोटात अवजार घालायची नळी) 12 मिमीचा लागेल, 5 मधून हा दांडा जात नाही.

यंत्र कुठलंही असो, जबडे मिटल्यावर 15 सेकंद थांबून मगच फायर करा, म्हणजे सुजेचं पाणी दाबून बाहेर जातं. आणि जबड्यात आधी लावलेली धातूची क्लिप अडकलेली नाही ना, हे त्याआधी बघा. क्लिपवर पातं अडलं की शिवण अर्धवट राहते.