साडेसहा हजारांचा जुना बास: आठ महिने वाजवल्यानंतर

आमच्या सोसायटीच्या गणपतीत जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो. गिटार, कीबोर्ड, ढोलकी सगळं आहे, पण बास, म्हणजे गाण्याखालचे खर्जातले सूर, इतकी वर्षं कीबोर्डवालाच डाव्या हातानं भागवून न्यायचा. गेल्या डिसेंबरात मी ठरवलं, बास, म्हणजे बास गिटार, आपण शिकायचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती असं नाही, पण जमेल की नाही हे कळायच्या आधी चौदा-पंधरा हजार घालायला मन घेईना. म्हणून जुना शोधला. आज आठ महिने झाले, रोज अर्धा-पाऊण तास वाजतोय. मॉडेलचं नाव देत नाही, कारण इतक्या जुन्या आणि स्वस्त वाद्यात एकाच नावाचे दोन नगही सारखे निघत नाहीत. फेंडर कंपनीच्या प्रेसिजन बासच्या धाटणीचा, चार तारांचा, वीस फ्रेटचा (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), एवढं पुरे.

ही धाटणी मुद्दाम निवडली. फेंडरनं प्रेसिजन बास १९५१ साली आणला आणि दोन भागांचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग) १९५७ साली. तेव्हापासून वाजणाऱ्या तारेची ३४ इंचांची लांबी आणि स्क्रूंनी बसवलेला नेक (दांडी) हीच जगभरच्या स्वस्त नकलांची चाल आहे. त्यामुळे तारा, ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा भाग), पिकअप, खुंट्या कुठल्याही गावात मिळतात, निदान मागवता तरी येतात. बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला एक बास आधी पाहिला होता. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा गंज चढलेला. तो तिथेच सोडला.

खरं परीक्षण नेकचं. बाकी काहीही बदलता येतं, पण पाच-सहा हजारांच्या बासला नवा नेक घालणं म्हणजे दुसरा बास घेणं. बॉडीच्या बाजूनं डोळा लावून नेकच्या लांबीवर नजर टाकायची, बंदुकीचा नेम धरल्यासारखी. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. एक कललेला दिसला तर नेक पिळलाय, आणि पीळ ट्रस रॉडनं, म्हणजे नेकच्या आतल्या सळीनं, जात नाही. ट्रस रॉड फक्त पुढचा-मागचा बाक सांभाळतो. साडेचार हजारांचा एक देखणा काळा बास मी या एकाच कारणानं परत ठेवला. विकणारा मुलगा भला होता, त्याला ते ठाऊकच नव्हतं.

मग जाड्या तारेचा पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटशी तार किती उचललेली आहे ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. माझ्या बासला जवळपास दुप्पट होती. तरीही घेतला, कारण ट्रस रॉडचा नट फिरत होता आणि तो आवळला की ही फट कमी होते. अ‍ॅलन कीचा (नट फिरवायच्या षटकोनी चाव्यांचा) संच घरून घेऊन गेलो होतो. पावणेचार फुटांचं वाद्य मांडीवर घेऊन मी हा बास विकणाऱ्याला विचारलं, ‘हा नट थोडा फिरवून बघू का?’ तो म्हणाला, ‘बघा ना दादा, मी कधी हातच लावला नाही.’ तारा सैल करून पाव फेरा दिला. चांगला घट्ट होता, पण सरकला. तो गंजून जाम झालेला असता किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असता, तर मी फुकटसुद्धा घेतला नसता. विकणारा नट फिरवू देत नसेल तर निदान तो नट दिसतोय का, त्याचे कोन झिजलेत का, एवढं तरी बघाच.

फोनवर व्हिडिओ पाठवून आवाज ऐकवतात, त्यावर अजिबात जाऊ नका. बासची जाडी ई तार ४१ हर्ट्झवर बोलते आणि मोबाईलच्या स्पीकरमधून तो मूळ सूर बाहेरच पडत नाही. समोर बसून प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवायचा. ऐंशी सूर होतात, पाच मिनिटं लागतात. माझ्याबरोबर आलेल्या भाच्यानं हे काम केलं. जी, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेच्या सहाव्या फ्रेटवर त्याचं बोट थांबलं. ‘मामा, हा सूर लगेच मरतोय.’ या धाटणीच्या बासमध्ये जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असा लगेच मरणारा सूर सापडतो, महागड्यातही. नेक त्या कंपनाशी हलून तारेचा जोर खाऊन टाकतो. त्यावर किंमत पाडता येते, नाकारू नये. माझं काम डी तारेवर अकराव्या फ्रेटला तोच सूर घेऊन भागतं.

वायरिंगनं मला घाबरवलं होतं, पण ते सगळ्यात स्वस्तात सुटलं. व्हॉल्यूम फिरवला की खरखर, जॅक (वायर खुपसायची जागा) हलवला की आवाज गायब. तारांवर हात ठेवला की गुणगुण कमी होत होती, म्हणजे ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर शाबूत. पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या फिरक्या) आणि जॅक आणला, साडेतीनशे रुपये. पॉट ‘ए’ अक्षराचा, २५० के (किलोओहम) मागा. ‘बी’ बसवला तर व्हॉल्यूम बराच वेळ जागचा हलत नाही आणि शेवटी एकदम पडतो. स्वस्त बासमध्ये मूळ पॉट छोटे असतात, त्यामुळे प्लेटचं भोक कानस लावून मोठं करावं लागलं.

हिशेब असा: मागितले आठ हजार, दिले साडेसहा. तारा एकवीसशे, पॉट-जॅक साडेतीनशे, फ्रेट समतल करून सेटिंग अठराशे. एकूण दहा हजार साडेसातशे. जुन्या वाद्याची किंमत विचारताना तारा आणि सेटिंग आधीच मनात मिळवून ठेवा, नाहीतर फसल्यासारखं वाटतं. सूर बाराव्या फ्रेटवर जुळत नाहीत म्हणून मात्र बास टाकून देऊ नका. मेलेल्या तारांवर तो हिशेब लागतच नाही. सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागेपुढे सरकवायला जागा आहे का आणि त्याचे बारीक स्क्रू फिरतात का, एवढं पाहा. मुंबई, कोकण, गोव्याकडचा बास असेल तर हे स्क्रू आधी तपासा, खारी हवा पहिल्यांदा तिथेच बसते.

आठ महिन्यांत काय बदललं? एप्रिलात लाकूड आकसलं आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला तळहाताला टोचायला लागली. दुरुस्तीवाल्या काकांनी ती घासून दिली. जूनच्या पहिल्या पावसानंतर तारा वर उठल्या. पुन्हा पाव फेरा, दोन दिवस थांबून आणखी थोडा. ट्रस रॉड फिरणारा घेतला याचा खरा आनंद तेव्हा झाला. डी तारेची खुंटी हल्ली थोडी सरकते, दर दोन गाण्यांनी सूर बघावा लागतो. वजन चार किलोच्या वर आहे, अरुंद पट्टा खांद्यात रुततो, रुंद घ्यावा लागला. भाच्याच्या लहान गिटार अ‍ॅम्पवर हळू आवाजात सराव करतो. मोठ्यानं वाजवला तर त्याचा स्पीकर फाटू शकतो, म्हणून तालमीला बासचा अ‍ॅम्प भाड्यानं आणतो.

परवा पहिली पूर्ण तालीम झाली. कीबोर्डवाल्यानं डावा हात मांडीवर ठेवला आणि नुसतं ऐकत राहिला. घरी आल्यावर फट पुन्हा मोजली. कार्ड जेमतेम सरकलं. खुंटी गणपतीनंतर बदलेन.