सबसिडी वजा करून सांगितलेला भाव

घरावर सोलर बसवल्यावर सरकारकडून मिळणारी सबसिडी कुठल्याही एजंटाच्या हातात येत नाही. त्याला ती आधी वजा करता येत नाही आणि नंतर सोडवूनही आणता येत नाही. आमच्या घरातून १ लाख १७ हजार रुपये नेणाऱ्या माणसाचा सगळा धंदा नेमकं याच्या उलट सांगण्यावर चालला होता, म्हणून सुरुवातीलाच हे लिहिते.

आमचा वाडा, म्हणजे गावातली आमची वस्ती, गोव्यात डिचोली तालुक्यात. गणेश चवथ जवळ आली होती, घरोघरी रंगकाम चाललं होतं, तेव्हा तो आला. हातात पंतप्रधानांचा फोटो आणि तिरंगा छापलेली पत्रकं, गळ्यात ओळखपत्र, सोबत शेजारच्या गावातला ओळखीचा मुलगा. आपण गेडाकडून आलोय म्हणाला. गेडा म्हणजे गोवा ऊर्जा विकास एजन्सी, ती खरोखरच सरकारची. हा मात्र तिथला कोणी नव्हता. बाबांना म्हणाला, "कसलीच काळजी करूं नाकात, सगळें आमी पळयतात." (काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो.)

त्याने सांगितलेले आकडे बरोबर होते, आणि लोकांनी सावध राहायला हवं ते इथेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे एकूण ७८ हजार रुपये मिळतात. तीन किलोवॅटच्या वर कितीही मोठा संच बसवा, रक्कम तेवढीच. हे त्याने पत्रकावर बोट ठेवून समजावलं. पुढे म्हणाला, तीन किलोवॅटची किंमत १ लाख ८०, सबसिडी कंपनी परस्पर घेते, तुम्ही फक्त १ लाख २ हजार द्या. ऐकणाऱ्याला हिशेब चोख वाटतो. खोटं होतं ते फक्त 'कंपनी परस्पर घेते' एवढंच.

दुसरी मेख आमच्या वीजबिलात होती, आणि गोव्यात ती घराघरांत सापडेल. बिल अजून आजोबांच्या नावावर येतं. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, घर भावंडांत सामाईक, नाव बदलायचं म्हणजे सगळ्यांची संमती गोळा करायची. म्हणून जुन्या घरांत हे तसंच राहतं. सबसिडीसाठी मात्र अर्जदार, वीजजोडणी आणि बँक खातं यांतली नावं जुळावी लागतात. त्याने बिल पाहिलं आणि 'आत' माणूस आहे असं सांगून नावासाठी वेगळे १५ हजार घेतले. वीज खात्याची पावती दिली नाही, आणि पैसे घेतले ते एका माणसाच्या खासगी खात्यावर, यूपीआयने.

पॅनल आले, कौलांवर लोखंडी सांगाडा उभा राहिला, इन्व्हर्टर भिंतीवर लागला. घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर मागाहून येईल म्हणाला आणि जोडणी सुरू करून गेला. पुढचं बिल कमी येण्याऐवजी वाढून आलं. फोन केला तर म्हणे पावसात असंच असतं. पावसात निर्मिती घटते हे खरं, पण त्याने बिल चढेल कसं? कारण वीज खात्यात कळलं. काही डिजिटल मीटर वीज घरात येतेय की घरातून बाहेर जातेय हे पाहतच नाहीत, जेवढी वाहिली तेवढी वापर म्हणून मोजतात. दुपारी आमच्या छतावरून लाईनवर गेलेलं प्रत्येक युनिट आमच्याच नावावर चढत होतं. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी आमचा ग्राहक क्रमांक तपासला. त्या क्रमांकावर अर्जच नव्हता. नाव बदलण्याचाही नव्हता, सोलरचाही नव्हता. आम्हाला दाखवलेली नोंदणी म्हणजे त्याच्या फोनमधलं एक चित्र होतं.

त्यांनी पहिल्यांदा जोडणी बंद करायला सांगितली, आणि ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. लाईन दुरुस्तीसाठी पुरवठा बंद असताना घरचा इन्व्हर्टरही आपोआप बंद पडायलाच हवा, नाहीतर छतावरची वीज त्या लाईनवर जाते. न तपासलेला इन्व्हर्टर तसा थांबेलच याची खात्री कोण देणार? खांबावर चढलेला लाईनमन वाड्यातल्याच कुणाचा तरी मुलगा असतो.

सबसिडीसाठी पॅनल आणि त्यातले सेलही भारतातच बनलेले लागतात, धंद्यात त्याला डीसीआर म्हणतात. आमच्या पॅनलांवरची लेबलं खरवडलेली होती. म्हणजे अर्ज झाला असता तरी आम्हाला एक रुपया मिळाला नसता.

महिनाभराने त्याच माणसाचा फोन आला: सबसिडी अडकलीय, उरलेले ७८ हजार भरा, नाहीतर पॅनल उतरवून नेतो. बाबांकडून सही घेतलेल्या इंग्रजी कागदात ती अट होती. सबसिडी न आल्यास पूर्ण रक्कम ग्राहक देईल. बाबा मराठी शाळेत शिकलेले. त्यांना तो कागद 'सरकारी फॉर्म' म्हणून दिला होता. एका म्हाताऱ्या माणसाचा विश्वास असा वापरला, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे. आम्ही ७८ हजार दिले नाहीत. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या फोन नंबरवर कळवलं, पोलिसांत लेखी तक्रार दिली, तेव्हापासून त्याचा नंबर बंद आहे. गेलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. वाड्यावरच्या आणखी दोन घरांनी आगाऊ रक्कम दिली होती, त्यांनाही तक्रारीत घेतलंय.

खरा क्रम अभियंत्यांनी समजावला तो असा. सरकारी पोर्टलवर स्वतःच्या मोबाईल नंबरने नोंदणी करायची, त्याला पैसे पडत नाहीत. ओटीपी आपल्याच फोनवर आला पाहिजे. नंबर एजंटाचा असेल तर अर्जाचं काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही. दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही, तेव्हा 'फिजिबिलिटी पास करून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच घ्यायचा. त्याच्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. करारनाम्याचा नमुनाही तिथेच मिळतो. संच बसला की वीज खातं तपासणी करतं, नेट मीटर लागतो, आणि त्यानंतरच सबसिडी थेट आपल्या बँक खात्यात जमा होते. म्हणजे विक्रेत्याला किंमत आधी पूर्ण द्यावी लागते, हवं तर बँकेचं कर्ज काढून. 'सबसिडी जाऊन एवढेच द्या' हे वाक्य या क्रमात कुठेच बसत नाही.

आता आम्ही आत्यांची आणि काकांची संमती घेऊन बिलावरचं नाव बदलायला दिलंय. सांगाडा कौलांवर तसाच आहे, तारा सोडवल्यात. सत्तरी तालुक्यातल्या एका नातेवाईकांकडे तशीच पत्रकं पोचल्याचं कालच कळलं. तिथल्या कुणाच्या दारात तो आला, तर त्याच्यासमोरच आपल्या फोनवर पोर्टल उघडा आणि त्याच्या कंपनीचं नाव यादीत दाखवायला सांगा. पत्रक आणि त्याचा फोटो ठेवून घ्या, डिचोलीच्या तक्रारीला जोडता येईल.