बीटा अपडेट: 10 दिवसांचा अनुभव
रोजच्या वापरातल्या फोनवर बीटा, म्हणजे फोनच्या सॉफ्टवेअरची अजून चाचणीत असलेली आवृत्ती, टाकू नये, हे ठाऊक असूनही मी ते टाकले. पहिले दोन दिवस फोन तापत होता. मात्र मोठ्या अपडेटनंतर फोन पार्श्वभूमीवर बरीच आवराआवर करत असतो, त्यामुळे तेवढ्यावरून मत बनवणे घाईचे ठरले असते. नोटिफिकेशनची नवी मांडणी खरोखर सुटसुटीत आहे. खटकला तो कीबोर्ड: जोडाक्षर लिहिताना तो क्षणभर अडकतो आणि मग तीन-चार अक्षरे एकदम उमटवतो. बँकेचे अ‍ॅप तर उघडलेच नाही. जुन्या आवृत्तीवर परतायचे तर सहसा फोनमधला सगळा डेटा पुसावा लागतो, म्हणून बॅकअप आधीच घ्यायला हवा. मी तो घेतला नव्हता. त्यामुळे सध्या पुढच्या बीटाची वाट पाहत आहे.