धंद्यासाठी प्रादेशिक बँकेचं कर्ज, चार वर्षांनंतरचा रिव्ह्यू

आमचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. चार वर्षं झाली, खेळतं भांडवल एका प्रादेशिक बँकेकडून घेतोय. पुढे थोड्या तक्रारीपण लिहिल्यात म्हणून नाव देत नाही.

आधी आमचं गणित सांगते म्हणजे बाकीचं कळेल. कापड शाळा सुरू व्हायच्या चार-पाच महिने आधी उचलावं लागतं, तेही रोखीने, कारागिरांचा पगार दर आठवड्याला, आणि शाळांकडचे पैसे येतात शाळा सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष आमच्या खात्यात खडखडाट असतो. मोठ्या बँकेत अर्ज केला तेव्हा नेमकं त्याच सहा महिन्यांचं स्टेटमेंट सिस्टीमला टाकलं, सिस्टीमने नाही म्हटलं, विषय संपला. का नाही, ते काउंटरवरच्या मुलालाही सांगता येईना.

इथे लोन ऑफिसर मॅडम स्वतः वर्कशॉपवर आल्या. कागद नंतर, आधी गोडाऊन. कापडाच्या थप्प्यांमधून फिरल्या, कोपऱ्यातल्या एका थप्पीवर बोट फिरवलं, बोटाला धूळ लागली, म्हणाल्या हा माल किती महिन्यांचा? एका शाळेने रंग बदलला होता, त्याचं उरलेलं कापड होतं ते, खरं ते सांगितलं. तो माल त्यांनी हिशोबातून काढला आणि उरलेल्या मालावर लिमिट, म्हणजे किती पैसे उचलता येतील ती मर्यादा, काढली. आमच्या केसमध्ये मार्जिन २५ टक्के, म्हणजे १०० चा माल असेल तर ७५ बँकेचे आणि २५ आपले. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशोब, द्यायचं, माल कमी झाला की उचलायची मर्यादापण कमी होते. पहिल्या वर्षी याचा राग यायचा, आता वाटतं त्या शिस्तीमुळेच पडून राहणारा माल घ्यायची आमची सवय सुटली.

शिलाई मशिनींचं कर्ज वेगळं. त्यात बघतात की हप्ता १०० असेल तर धंद्यातून निदान १२५ सुटतात का. आणि हप्ते आमच्या वसुलीच्या महिन्यांत मोठे, बाकी महिन्यांत फक्त व्याज. ही एक गोष्ट सोडून बाकी सगळं वाईट असतं तरी मी ही बँक सोडली नसती, कारण समान हप्ता लावला असता तर कापड घ्यायच्या ऐन वेळी आमच्या हातात काही उरलंच नसतं.

आता तक्रारी. ॲप अगदीच मागासलेलं, स्टेटमेंट डाउनलोड करताना दोनदा लॉगआउट होतं. व्याजदर मोठ्या बँकेपेक्षा थोडा जास्त. मागच्या वर्षी मॅडमची बदली झाली आणि नवीन साहेबांनी लिमिटच्या रिन्यूअलला पाच आठवडे लावले, तेही कापड घ्यायच्या दिवसांत, आणि वर विमा पॉलिसी घ्या म्हणून मागे लागले. पॉलिसी घेतली नाही, लेखी विचारलं कर्जाची अट आहे का, मग विषय बंद झाला. माणूस ओळखतो म्हणून काम होतं हे खरं, पण मग माणूस बदलला की तुमची ओळखपण जाते, त्यामुळे प्रत्येक व्हिजिटची नोंद फाइलमध्ये ठेवायला सांगा.

सामाजिक बांधिलकीबद्दल बँका खूप बोलतात, स्पर्धांना देणग्या, झाडं लावणं, चांगलंच आहे ते. पण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न एकच, इथल्या लोकांनी ठेवलेल्या ठेवींतलं किती कर्ज इथल्याच धंद्यांना जातं? अमेरिकेत तर यासाठी १९७७ चा कायदाच आहे, जिथून ठेवी घेता तिथल्या गरजा, कमी उत्पन्नाच्या वस्त्यांसकट, भागवता का हे तपासतात. जर्मनीत रायफायझन नावाच्या सहकारी चळवळीतल्या गृहस्थांनी १८६४ मध्ये पतसंस्था उभी केली तीसुद्धा याच विचारावर, एकमेकांना ओळखणाऱ्यांचा पैसा एकमेकांच्या कामाला. आमच्या बँकेच्या वार्षिक अहवालात ठेवी आणि कर्ज दोन्हीचे आकडे असतात, मी दरवर्षी बघते. बघताना हेही बघा की सगळं कर्ज एकाच उद्योगाला तर नाही ना, कारण प्रादेशिक बँकेचा मोठा धोका तोच, भागातला मुख्य धंदा बसला की कर्जदार एकदम अडकतात आणि बँकही त्यांच्याबरोबर.

आमच्याकडच्या आठ शिलाईवाल्या बायकांची खाती याच बँकेत आहेत, त्यातल्या दोघींनी मागच्या वर्षी स्वतःच्या मशीनसाठी छोटं कर्ज घेतलं, आमच्याकडच्या पगाराच्या नोंदी बघून मिळालं ते. मला ही बँक आपली वाटते ती यासाठी.

अर्ज करणार असाल तर माल घ्यायच्या सीझनच्या तीन महिने आधी करा, दोन वर्षांची ऑर्डर बुकं सोबत न्या, आणि गोडाऊनमधला जुना माल लपवू नका, त्यांना दिसतोच.