आजारी मासा: त्याच टाकीत उपचार, की वेगळ्या टाकीत?

मासा पर मिटून कोपऱ्यात बसू लागला, खाणं सोडलं, खडीवर अंग घासायला लागला, की घरात दोन मतं पडतात. एकाचं म्हणणं, आधी त्याला बाजूला काढा, नाहीतर सगळ्यांना लागण होईल. दुसऱ्याचं म्हणणं, पकडापकडी करून कशाला छळता, आहे त्याच पाण्यात औषध टाका. दोघंही बरोबर असू शकतात आणि दोघंही चुकू शकतात, कारण हा निर्णय रोगावर ठरतो. रोगाचा मुक्काम फक्त त्या माशाच्या अंगावर आहे, की टाकीच्या पाण्यात आणि तळाच्या खडीतही आहे? हे कळलं की काम बरंच सोपं होतं.

त्याआधी एक तिसरा पर्यायही विचारात घ्या: औषधच न देणं.

आधी पाणी तपासा

सगळे मासे एकाच वेळी वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील, तर तो बहुतेकदा रोग नसतो, पाण्याचा दोष असतो. एकच मासा मलूल आहे आणि बाकीचे मजेत आहेत, तर मग रोग, जखम, दुसऱ्या माशाचा त्रास किंवा म्हातारपण. पाणी तपासायचं किट घरी असावंच. अमोनिया (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून होणारं विष) शून्य, नायट्राइट (जीवाणूंनी अमोनिया पचवताना होणारं, तेही विषारी) शून्य आणि नायट्रेट (त्यापुढचं, कमी घातक) दर लिटरला साधारण ४० मिलिग्रॅमच्या खाली, हे आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. नवीन टाकीत अमोनिया पचवणारे जीवाणू स्थिरावायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि ‘आजारी’ मासे याच काळात सर्वाधिक दिसतात. अमोनियाने कल्ले जळतात, लाल होतात, मासा धापा टाकतो. पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका तोच अमोनिया अधिक विषारी.

अशा वेळी उपाय एकच: ३० ते ५० टक्के पाणी बदला. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. खाणं एक-दोन दिवस बंद ठेवा, हवेचा पंप वाढवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. अमोनिया असलेल्या टाकीत औषध ओतणं मला सर्वांत वाईट वाटतं. काही औषधं फिल्टरमधले उपयोगी जीवाणूच मारतात, आणि अमोनिया आणखी चढतो.

पाणी ठीक निघालं, तरच पुढचा प्रश्न येतो.

वेगळी टाकी: फायदे खरे, कष्टही खरे

उपचारासाठी फार काही लागत नाही. २० ते ४० लिटरची टाकी किंवा स्वच्छ प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर, हीटर, थर्मामीटर आणि लपायला पाइपचा एखादा तुकडा. खडी नको, वनस्पती नको. तळ मोकळा असला की विष्ठा दिसते, उरलेलं खाणं दिसतं, आणि मासा खातोय की नाही याची खात्री होते. मोठ्या टाकीत एवढं साधं निरीक्षणही अवघड असतं.

दुसरा मोठा फायदा मात्रेचा. कमी पाणी म्हणजे कमी औषध, आणि पाणी नेमकं किती आहे हे माहीत असतं. मुख्य टाकीतल्या वनस्पती, गोगलगायी आणि झिंगे औषधापासून वाचतात, फिल्टरचे जीवाणूही वाचतात. शेपटी कुरतडणारे सोबती असतील तर नुसत्या वेगळं काढण्यानेच अर्धा आजार बरा होतो.

आता दुसरी बाजू, जी उत्साहाच्या भरात विसरली जाते. या छोट्या टाकीत जीवाणू नसतात, त्यामुळे दोन दिवसांत अमोनिया साठतो. म्हणजे रोज २५ ते ५० टक्के पाणी बदलणं आलं, आणि बदललेल्या पाण्यापुरतं औषध पुन्हा घालणं आलं. यावर चांगला तोडगा असा, की एक जादा स्पंज फिल्टर मुख्य टाकीत कायम चालू ठेवायचा आणि गरज पडली की तोच उचलून इकडे लावायचा. पण औषध लागलेला स्पंज परत मुख्य टाकीत नेऊ नका. थोडं पाणी लवकर तापतं आणि लवकर गार होतं, म्हणून हीटर टाळता येत नाही.

जाळीने पाठलाग करण्याचा ताण वेगळाच. अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच तर जंतूंविरुद्धचा पहिला अडसर आहे. जमलं तर मासा पाण्यासकट एखाद्या डब्यात घ्या. टेट्रासारखे कळपात राहणारे मासे एकटे पडले की घाबरून खाणं सोडतात. शक्य असेल तर एखादा सोबती बरोबर द्या. बेट्टाचं, म्हणजे लढाऊ माशाचं, नेमकं उलटं. तो एकटा आनंदात राहतो आणि हवेतूनही श्वास घेतो, म्हणून पाण्याची उंची कमी ठेवा, त्याला वर यायला कष्ट पडत नाहीत.

त्याच टाकीत उपचार: जिथे दुसरा मार्ग नाही

पांढरे ठिपके, ज्याला मासे पाळणारे ‘इक’ म्हणतात, हा या वादातला निर्णायक रोग. अंगावर, परांवर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसतात. हा जीवाणू नाही, एकपेशीय परजीवी आहे, आणि त्याचं जीवनचक्र समजलं की आजारी मासा बाजूला काढून काही साधत का नाही ते कळतं.

ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली बसून पोसलेला परजीवी. पूर्ण वाढला की तो गळून खडीवर किंवा काचेवर चिकटतो, भोवती आवरण तयार करतो आणि आत विभागत राहतो. त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात, ती पोहत नवा मासा शोधतात, आणि एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. त्वचेखालच्या आणि आवरणातल्या अवस्थेला ते शिवत नाही. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे चक्र ४ ते ७ दिवसांत पूर्ण होतं. गार पाण्यात काही आठवडे लागतात.

म्हणजे एका माशावर ठिपके दिसले तेव्हा तळाशी अंडी घातल्यासारखी पुढची पिढी आधीच तयार आहे. तो मासा काढला तरी टाकी आजारीच. इथे संपूर्ण टाकीवरच उपचार करायचा, आणि शेवटचा ठिपका गेल्यानंतरही काही दिवस चालू ठेवायचा. ठिपके गेले म्हणून तिसऱ्याच दिवशी औषध थांबवल्यामुळे इक परत आल्याच्या कहाण्या तुम्हीही ऐकल्या असतील.

तोटे मात्र मोजून घ्या. तांबं असलेलं औषध झिंगे आणि गोगलगायी मारतं. मेथिलीन ब्लू हा औषधी रंग फिल्टरच्या जीवाणूंना बाधतो, वनस्पतींना त्रास देतो आणि सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे करून ठेवतो. मॅलाकाइट ग्रीन हे रंगद्रव्य-औषध इकवर चांगलं चालतं, पण टेट्रा आणि लोच (तळाशी राहणारे मासे) यांना ते सोसत नाही. त्यांच्यासाठी बहुतेकदा अर्धी मात्रा ठेवतात. फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन (पाण्यातली द्रव्यं शोषणारा कोळसा) असेल तर आधी काढा, नाहीतर औषध तो शोषून घेईल. मात्रा ठरवताना टाकीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका: ६० × ३० × ३५ सेंटिमीटरची टाकी कागदावर ६३ लिटरची, पण खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर पाणी ५० लिटरच्या आसपास उरतं.

झिंगे आणि दाट वनस्पती असलेल्या टाकीत इक आला तर? मग उलटं करा. सगळेच्या सगळे मासे उपचाराच्या टाकीत हलवा आणि मुख्य टाकी उबदार पाण्यासह दोन-तीन आठवडे माशांविना चालू ठेवा. यजमान मिळाला नाही की परजीवी आपोआप संपतो. कष्टाचं काम आहे, पण औषधाचा थेंबही मुख्य टाकीत पडत नाही.

बाकीचे आजार

परांच्या कडा पांढऱ्या होऊन झिजणं, म्हणजे फिन रॉट, हा बहुधा घाण पाण्याचा किंवा भांडणाचा परिणाम. एकाच माशाला झालाय तर वेगळी टाकी. जखमेवर कापसासारखी बुरशी, तरीही वेगळी टाकी. पोट फुगलेला, तरंगणारा गोल्डफिश: वेगळा काढलात तर उपाशी ठेवणं सोपं जातं, दोन-तीन दिवस खाणं बंद आणि नंतर साल काढून उकडलेला मटार, इतकं आधी करून पाहा. सोनेरी धूळ अंगावर बसल्यासारखी दिसली तर तो व्हेल्व्हेट, त्यावर इकसारखाच उपाय, संपूर्ण टाकीवर. शिवाय दिवा मंद ठेवा, कारण हा परजीवी प्रकाशावरही जगतो.

तोंडाभोवती किंवा पाठीवर पांढरट, करडा लेप दिसला तर थांबून नीट पाहा. तो बुरशीसारखा दिसतो, पण अनेकदा कॉलमनॅरिस नावाचा जीवाणूजन्य रोग असतो, आणि तो उष्ण पाण्यात वेगाने पसरतो. इक समजून (त्यावर उष्णताही चालते, ते पुढे येतं) हीटर वाढवलात तर एक-दोन दिवसांत मासा जाऊ शकतो. दाणे की लेप, एवढा फरक आधी ओळखा.

मीठ, उष्णता की औषध?

गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीर पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सतत आत शिरतं आणि ते बाहेर टाकण्यात माशाची शक्ती जाते. थोडं मीठ ही तफावत कमी करतं. म्हणून दर लिटरला १ ते ३ ग्रॅम साधं मीठ हा सौम्य पहिला उपाय, आणि नायट्राइटचा त्रास असेल तर दर लिटरला १ ग्रॅमही कामाला येतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून, थोडं थोडं करून घाला. लक्षात ठेवायची गोष्ट: पाणी आटतं, मीठ आटत नाही. आटलेलं भरताना साधंच पाणी घाला. वनस्पतींना मीठ मानवत नाही, कोरिडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) आणि लोच यांनाही कमीच सोसतं. म्हणून मिठासाठी मला वेगळी टाकीच बरी वाटते.

इकसाठी ३० अंशांपर्यंत उष्णता वाढवणं बिनऔषधी आहे, पण गोल्डफिशसारख्या गार पाण्यातल्या माशांसाठी नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना दर लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. रोज एक-दोन अंशच वाढवा आणि हवेचा पंप जोरात चालू ठेवा.

प्रतिजैविकं शेवटी, आणि जीवाणूजन्य रोगाची बऱ्यापैकी खात्री असेल तरच. माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारून, वेगळ्या टाकीत, पूर्ण दिवसांचा क्रम. अर्धवट सोडलं तर चिवट जीवाणूच मागे उरतात.

खवले उभे राहिलेला, फुगलेला मासा, म्हणजे ड्रॉप्सी, हा स्वतंत्र आजार नाही, आतले अवयव निकामी होत असल्याचं ते लक्षण आहे. वेगळं काढणं इथे माशाच्या सोयीसाठी. बरा होण्याची शक्यता फार कमी असते, हे आधीच जाणून घ्या. त्रास वाढला तर वेदनारहित अंताबद्दल पशुवैद्याशी बोला. गोठवणं किंवा संडासात सोडणं हा उपाय नव्हे.

आणि हातावर जखम असेल तर कुठल्याही टाकीत हात घालण्याआधी हातमोजे घाला, पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नका. माशांच्या क्षयासारख्या रोगाचा एक जीवाणू माणसाच्या त्वचेवर न भरणाऱ्या गाठी आणतो. उपचाराच्या टाकीची जाळी आणि बादली वेगळीच ठेवा.

बरा झालेला मासा लक्षणं गेल्यावर आणखी एक-दोन आठवडे वेगळाच राहू द्या. नेताना दोन्हीकडचं तापमान जुळवा, आणि त्याला सोडण्याआधी मुख्य टाकीतले दगड, लाकडं थोडी हलवून ठेवा. नाहीतर त्याच्या गैरहजेरीत जागा बळकावलेले मासे त्याला पहिल्याच दिवशी पिटाळून लावतील.