जीएफ३० चे पैसे, चॉक पावडरचे गिअर

आमच्या अ‍ॅक्च्युएटरचे (मोटरने भाग हलवणाऱ्या यंत्राचे) गिअर: व्यास १२ मिमी, ०.५ मोड्यूल (दात्याचं माप), २२ दाते. मटेरियल पीए६६ जीएफ३०, म्हणजे ३० टक्के काचधागा भरलेलं नायलॉन. मोल्डरकडून, म्हणजे साच्यात प्लास्टिक भरून नग काढणाऱ्याकडून, २०,००० नग, ६.४० रुपये दराने, जीएसटीसह १,५१,०४०. त्यातले ७५,५२० आगाऊ गेले, मोल्डचे (साच्याचे) २,१५,००० त्याआधीच. सँपल अस्सल होतं. लॉट मात्र चॉक पावडर भरलेल्या नायलॉनचा. गरम मोटरशेजारी दाते मुळापासून उडाले.

इनवर्डला, म्हणजे माल आत घेताना तपासणीला, झोपला होतात का, असं कोणी विचारू नये. शंभर नगांचं वजन सँपलइतकंच भरलं, कारण काच आणि चॉक यांची घनता जवळपास सारखी. ६०० अंशांना जाळल्यावर राखही ३० टक्केच उरली. सर्टिफिकेट तर काय, कोणीही छापतो.

माप मात्र बोंबलत होतं. मायक्रोमीटरवर १२.०० ऐवजी ११.९३. मोल्ड जीएफ३० च्या ०.४ टक्के आकुंचनावर कापलेला. चॉकवाला माल एक टक्क्याच्या आसपास आकसतो, फरक तिथलाच. मोल्डरने सांगितलं, "शेठ, नायलॉन आहे, ओल धरली की फुगेल." अर्धं खरं, म्हणून तर गळी उतरलं! नायलॉन फुगतं, पण जीएफ३० चा १२ मिमीचा गिअर कपाटात बसून सात शतांश मिमी फुगत नाही.

राख नुसती तोलू नका, बघा. काचधाग्याची राख जाळीसारखी, गिअरचा आकार धरून राहते; चॉकची भुकटी होते आणि सौम्य अ‍ॅसिडचा थेंब टाकताच फसफसते. लॉटसोबत त्याच शॉटचे (साच्याच्या एका भरण्याचे) रनर, म्हणजे नगांना जोडून निघणाऱ्या टाकाऊ दांड्या, मागा, जाळायला नग वाया जात नाहीत.

चौकीत ऐकवलं, "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." सँपल एक आणि माल दुसरा, मग भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी ठेवलंय? विचारलं तर साहेब राउंडला. ग्राहक कायद्यात धंद्यासाठीची खरेदी बसत नाही. सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे, पण ते लघुउद्योगांना त्यांची थकलेली बिलं वसूल करायला. म्हणजे उरलेले पैसे अडवले म्हणून मोल्डरच आमच्यावर तक्रार ठोकणार! त्यामुळे माल उतरल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी हरकत पाठवा, फोनवरची भांडणं कोणी मोजत नाही.

पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) "रिग्राइंड नाही, मिनरल फिलर नाही", म्हणजे दळून परत वापरलेलं प्लास्टिक नको आणि चॉकसारखी खनिज भर नको, असं स्पष्ट लिहा. आणि मोल्डवर स्वतःच्या कंपनीचं नाव कोरून घ्या. आमचा मोल्ड अजून मोल्डरच्याच शेडमध्ये आहे, आणि तो म्हणतो, आधी बिल भरा.