गंभीर जोखीम व्यवस्थापनाचे प्रशिक्षण : चार दिवस वर्गात, बारा आठवडे साइटवर

बांधकाम आणि रेल्वेमार्गाची कामे एकाच वेळी करणाऱ्या ठेकेदारांसाठी एका सुरक्षा सल्लागार संस्थेने तयार केलेली ही सेवा आमच्या प्रकल्पाने घेतली, आणि सुरक्षेची जबाबदारी असलेला अभियंता म्हणून मी तिच्यात पहिल्या दिवसापासून सहभागी होतो. सेवेचे तीन भाग आहेत : वीस जणांच्या गटासाठी चार दिवसांचे वर्ग, त्यानंतर बारा आठवडे दर आठवड्याला एका मार्गदर्शकाची साइटभेट, आणि तपासण्या नोंदवण्यासाठी मोबाइलवरचे एक अॅप. या तिन्हींचा दर्जा इतका वेगवेगळा निघाला की संपूर्ण सेवेला एकच गुण देणे मला शक्य नाही.

ती घेण्याचे कारण आधी सांगायला हवे. आमच्या फाटकावर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक होता आणि त्यावरचा आकडा सतत वाढत होता. त्याच काळात एकदा क्रेनने उचललेला लोखंडी सळ्यांचा जुडगा स्लिंगमधून (भार बांधून उचलायच्या दोरातून) निसटून खाली पडला. खालचे मजूर त्या क्षणी पाणी प्यायला बाजूला गेले होते, म्हणून कोणालाही इजा झाली नाही. नोंदवहीत या घटनेसमोर ‘इजा : शून्य, नुकसान : किरकोळ’ असे लिहिले गेले आणि फलकावरचा आकडा दुसऱ्या दिवशी एकाने वाढला. त्याच आठवड्यात हाताला हातोडी लागलेल्या सुताराच्या प्रकरणाची मात्र आम्ही दोन पाने चौकशी केली होती.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले. अमेरिकेतले अपघातांचे अभ्यासक हाइनरिश यांनी १९३१ मध्ये मांडलेला १, २९ आणि ३०० हा त्रिकोण सुरक्षा क्षेत्रातल्या बहुतेकांना पाठ असतो : एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि इजा न झालेल्या ३०० घटना. त्यावरून आपण सोयीने असा अर्थ काढतो की खालच्या लहान घटना कमी केल्या की वरचा मृत्यूही आपोआप टळेल. प्रशिक्षकांनी आमचेच जुने अहवाल टेबलावर मांडले आणि प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारायला लावला : नशिबाने थोडी पाठ फिरवली असती, तर यात माणूस मेला असता का? तासाभरात दोन गठ्ठे झाले. कापलेली बोटे, डोळ्यात गेलेली धूळ, मुरगळलेले पाय यांचा गठ्ठा भलामोठा होता. दुसरा गठ्ठा लहान होता, आणि त्यातल्या बहुतेक घटनांत कोणाला खरचटलेसुद्धा नव्हते. सळ्यांचा जुडगा त्याच गठ्ठ्यात होता. बोटाच्या इजा कमी करण्यासाठी हातमोजे वाटणे योग्यच आहे, परंतु त्या हातमोज्यांचा निसटत्या स्लिंगशी काहीही संबंध नाही, हे त्या टेबलावर जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही भाषणातून दिसले नसते.

दुसरा दिवस उंचीवरच्या कामाचा होता आणि माझ्या मते हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे. हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, आमच्या बोलीत बेल्ट) घातला म्हणजे माणूस सुरक्षित, असे आमच्यापैकी जवळजवळ सगळेच मानत होते. प्रशिक्षकांनी फळ्यावर साधी बेरीज मांडली. लॅनयार्डची, म्हणजे हार्नेस पक्क्या जागेला अडकवणाऱ्या दोरीची, लांबी २ मीटर. पडताना शॉक अब्सॉर्बर (झटका शोषून घेणारा दोरीचा भाग) उघडून वाढणारी लांबी जास्तीत जास्त १.७५ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतचे अंतर सुमारे १.५ मीटर, आणि खाली मोकळे ठेवायचे किमान अंतर १ मीटर. पायाच्या पातळीवर बेल्ट अडकवण्याची परिस्थिती वेगळी आणि अधिक वाईट असते, हे सांगून त्यांनी ही बेरीज साधारण पायाभूत हिशेब म्हणून ठेवली. एकूण ६.२५ मीटर होतात. आमच्या शटरिंगची (काँक्रीटच्या साच्यांची) मुख्य कामे चार ते साडेचार मीटर उंचीवर चालली होती. म्हणजे बेल्ट नियमाप्रमाणे बांधलेला, कडी नीट अडकवलेली, आणि तरीही पडलेला माणूस दोरीने त्याला पूर्ण थांबवण्यापूर्वीच जमिनीवर आपटू शकला असता. वर्गात काही क्षण कोणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतून आमचे सर्वांत जुने मुकादम म्हणाले, “साहेब, बेल्ट सगळ्यांकडे आहेत. पण तो अडकवायचा कुठे, हे आजवर कोणी सांगितलंच नाही.” त्या दिवसाचा उरलेला वेळ ठरलेले धडे बाजूला ठेवून केवळ या प्रश्नावर गेला, आणि ठरलेला कार्यक्रम मोडण्याचे हे धाडस मला प्रशंसनीय वाटले. कठडे आधी उभारणे, जाळी लावणे, आखूड लॅनयार्ड किंवा आपोआप आवळणारा दोर वापरणे, अडकवण्याची जागा डोक्याच्या वर घेणे, आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली कसे उतरवायचे याची तयारी आधीच ठेवणे, असे पर्याय त्यातून निघाले. शेवटची बाब आमच्या एकाही कार्यपद्धतीच्या कागदात नव्हती.

तिसऱ्या दिवशी ‘निर्णायक नियंत्रण’ ही कल्पना आली. खाण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१५ मध्ये या पद्धतीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि बांधकाम व रेल्वेच्या कामांनाही ती चांगली लागू पडते. मधोमध घटना, डावीकडे तिची कारणे, उजवीकडे परिणाम आणि त्यांच्या वाटांवर उभे केलेले अडथळे, अशी बो-टाय आकृती काढायची आणि त्यातून ज्यांच्या अभावी माणूस मरेल असे मोजके अडथळे वेगळे करायचे. अट अशी की नियंत्रण म्हणजे दिसणारी वस्तू किंवा पाहता येणारी कृती असली पाहिजे, ते कितपत काम करते हे तपासता आले पाहिजे, आणि ते तपासणाऱ्या माणसाचे नाव ठरलेले असले पाहिजे. या कसोटीवर आमच्या क्रेनच्या कार्यपद्धतीतली ‘योग्य ती काळजी घ्यावी’, ‘दक्ष राहावे’, ‘प्रशिक्षित कामगारच नेमावेत’ अशी सगळी वाक्ये बाद झाली. शिल्लक राहिली ती वजन आणि त्रिज्येचा तक्ता, चालू असलेला भारमर्यादा दर्शक, तपासलेली स्लिंग, क्रेनचे पाय टेकलेल्या जमिनीची भारक्षमता, आणि भाराखालचा भाग खरोखर रिकामा ठेवणारे कुंपण. हेल्मेटही यादीतून गेले. दोन टन भाराखाली हेल्मेट काय करणार, हा प्रश्न विचारायला आम्हाला इतकी वर्षे लागली याची मला थोडी लाज वाटली.

खंदकाच्या कामाबद्दलचा तास छोटा, पण नेमका होता. एक घनमीटर माती दीड टनाहूनही जड असू शकते आणि छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके बाहेर असूनही श्वास घेऊ शकत नाही, एवढे कळले की चराच्या बाजूंना उतार किंवा आधार देण्यावर वाद उरत नाही.

चौथा दिवस रेल्वेचा होता आणि इथे सेवेची उणीव उघड झाली. प्रशिक्षक इमारतींच्या कामातले मुरलेले होते. रुळांवरचे काम त्यांनी मुख्यतः वाचून समजून घेतले असावे. क्लॅपहॅम जंक्शनच्या अपघाताची मांडणी त्यांनी चांगली केली. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधल्या या ठिकाणी ३५ जण मृत्युमुखी पडले, कारण सिग्नलच्या नव्या जोडणीत एक जुनी तार न कापता, टोक न झाकता तशीच सोडली गेली होती आणि तिचा पुन्हा संपर्क झाल्याने सिग्नलने पुढे उभी असलेली गाडी दाखवलीच नाही. ती जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाला १३ आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती आणि त्याचे काम दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासले नव्हते. कामाचे तास हेसुद्धा एक निर्णायक नियंत्रण असते, हा मुद्दा त्यातून आमच्या रात्रपाळीच्या सुपरवायझरांपर्यंत पोहोचला. इंग्लंडमधल्या टीबे येथे १५ फेब्रुवारी २००४ रोजी रूळ लादलेली एक ट्रॉली उतारावरून सुटली आणि काही किलोमीटर खाली काम करत असलेल्या चौघांचा बळी घेऊन गेली. तिचे ब्रेक निकामी केलेले होते आणि चाकांखाली केवळ लाकडी ठोकळे लावलेले होते. ही दोन्ही उदाहरणे चपखल होती.

मात्र आमची खरी गरज वेगळी होती. आमच्या पुलाचे काम चालू मार्गाच्या अगदी शेजारी चालते. एका मार्गावर ब्लॉक घेतलेला असतो (ठरलेल्या वेळेसाठी तिथली वाहतूक बंद असते), शेजारच्या मार्गावर गाड्या धावत असतात, आणि क्रेनचा जिब (भार उचलणारा लांब हात) फिरला किंवा उचललेला भार झोकांडला तर तो चालू मार्गाच्या हद्दीत जातो. वर २५ किलोव्होल्टची तार असते, जिच्याशी प्रत्यक्ष स्पर्श न होताही विजेचा झोत उडू शकतो. आणि पुरवठा बंद केला तरी शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेत दाब निर्माण होतो, म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करावे, म्हणजे तार जमिनीशी जोडावी लागते. बांधकाम आणि रेल्वे हे दोन धोके एकमेकांवर चढतात ती नेमकी हीच जागा. त्यासाठी अभ्यासक्रमात अर्धा तास होता आणि दोन्ही बाजूंच्या अर्थिंगचा विषय मलाच काढावा लागला. दोन्ही क्षेत्रांचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या सेवेत ही त्रुटी क्षम्य नाही.

बारा आठवड्यांच्या साइटभेटींबद्दल मात्र माझ्याकडे तक्रार जवळजवळ नाही. मार्गदर्शक कार्यालयात चहासाठी न थांबता थेट कामाच्या जागी जात, एकच नियंत्रण निवडत आणि ते त्या क्षणी जागेवर आहे का, एवढेच पाहत. ‘हे दाखवा’ हा त्यांचा नेहमीचा शब्द. परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) ‘क्षेत्र बंद केले’ असे लिहिले असेल तर ते कुंपणापर्यंत चालत जात, आणि कुंपणाचा दोर एका टोकाला जमिनीवर पडलेला असेल तर काम थांबवण्याचा आदेश स्वतः न देता सुपरवायझरला विचारत की आता काय करायचे. सुरुवातीला सुपरवायझरांना याचा राग येई. सहाव्या आठवड्यानंतर तेच आपापसात ‘हे दाखव’ म्हणू लागले, थट्टेने का होईना.

भाषेबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण प्रशिक्षण साहित्य ‘मराठीत उपलब्ध’ असल्याचा दावा संस्था करते. तक्त्यांवरची मराठी शब्दकोशातून उचललेली आहे. ‘अवशिष्ट जोखीम’ हा शब्द फळ्यावर आल्यावर गटात शांतता पसरली, आणि शेवटी त्याच जुन्या मुकादमांनी “म्हणजे सगळं करून उरलेला धोका” असा उलगडा केला. त्यानंतर आम्ही सगळे ‘उरलेला धोका’ असेच म्हणत आहोत. संस्थेने पुढच्या आवृत्तीपूर्वी आपले तक्ते एखाद्या फिटरसमोर आणि एखाद्या गँगमनसमोर मोठ्याने वाचून पाहावेत.

आता अॅप. ते देखणे आहे, नेटवर्क नसतानाही चालते आणि त्याचा डॅशबोर्ड वरिष्ठांना फार आवडतो. प्रत्येक निर्णायक नियंत्रणासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका येतो. अडचण अशी की ठिपका हिरवा करण्यासाठी जागेवर जावेच लागते असे नाही. एका दिवसाच्या नोंदी मी वेळेनुसार लावून पाहिल्या, तेव्हा साइटच्या दोन टोकांवरच्या अकरा तपासण्या चार मिनिटांत पूर्ण झालेल्या आढळल्या. छायाचित्र जोडण्याची सोय आहे, परंतु कालचेच छायाचित्र आज पुन्हा जोडता येते. हे संस्थेला कळवले असता पुढील आवृत्तीत सुधारणा होईल असे उत्तर आले. ती आवृत्ती आमच्या कराराच्या मुदतीत आली नाही. फाटकावरचा जुना फलक काढून आम्ही त्याच्या जागी हिरव्या ठिपक्यांचा पडदा लावला होता, आणि दोघांमध्ये फारसा फरक नव्हता. अखेर आम्ही जाड कागदाची कार्डे छापली : एका कार्डावर एकच नियंत्रण, तपासणाऱ्याची सही, आणि त्या जागी काम करणाऱ्या एका कामगाराची सही. कार्ड दिसायला ओबडधोबड आहे, पण खुर्चीत बसून ते भरता येत नाही.

ज्या प्रकल्पांवर इमारतीचे काम प्रमुख आहे, त्यांनी ही सेवा वर्ग आणि साइटभेटींसाठी जरूर घ्यावी आणि अॅप वगळून करार करता येतो का ते विचारावे. निव्वळ रुळांवरचे काम असलेल्यांनी, मार्गदर्शक म्हणून रेल्वेवर प्रत्यक्ष काम केलेली व्यक्ती देण्याची अट लेखी घालून मगच सही करावी. आम्ही तेच केले : केवळ साइटभेटी आणखी सहा आठवड्यांसाठी वाढवल्या, आणि यावेळी ट्रॅकवर अनेक वर्षे काढलेल्या मार्गदर्शक बाई आल्या.

पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या लुकआउट मॅनच्या (येणारी गाडी पाहून गँगला इशारा देणाऱ्याच्या) उभे राहण्याच्या जागेवरून वळणापर्यंतचे अंतर मोजायला लावले. मार्गावरचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. अवजारे उचलून सुरक्षित जागी पोहोचायला आमच्या गँगला घड्याळ लावून १५ सेकंद लागले. त्यात, गाडी येण्याच्या किमान १० सेकंद आधी सगळे बाजूला असलेच पाहिजेत, हा ब्रिटिश रेल्वेत प्रचलित असलेला नियम मिळवला की २५ सेकंद होतात, आणि त्यासाठी गाडी जवळपास ७०० मीटरवर असतानाच दिसायला हवी. टेपने मोजलेले अंतर ४८० मीटर निघाले. त्या जागेवरचे लुकआउटच्या भरवशाचे काम त्याच दुपारी बंद झाले आणि आता ते फक्त ब्लॉकमध्ये होते.